ओट्यातली बाई

"हेमे, त्या बाईला चा दिलास का?"

मी बाहेरच्या खोलीत ब्लाऊजला हूक लावत बसले होते. आत्तींचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, आवाज स्वयंपाकघरातून आला. घरात आम्ही दोघीच होतो. हे सुताच्या सायझिंग कारखान्यात ड्युटीवर गेले होते आणि मुलगा साताऱ्याला हॉस्टेलवर होता.

"कुठल्या बाईला, आत्ती?"

"कुठल्या म्हणून काय इचारतीस? कवाधरनं बसलीया. तोंड सुकलंय तिचं."

सुई कापडात टोचून ठेवली आणि आत गेले. आत्ती नव्या ओट्यापुढं उभ्या होत्या, सिंकच्या अलीकडं, जिथं खिडकीचा उजेड पडतो. कमरेत वाकून त्या ओट्याकडं बघत होत्या.

"कुठं आहे?"

"ही काय."

मीही वाकले. काळ्याभोर ग्रॅनाईटमध्ये खिडकीचे गज दिसत होते आणि आम्हा दोघींची तोंडं दिसत होती.

"ही तू," आत्ती माझ्या तोंडावर बोट ठेवून म्हणाल्या. मग बोट शेजारी सरकलं. "आणि ही ती."

मला हसू फुटलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी पोट धरधरून हसले. चहा टाकला, दोनाऐवजी तीन कप ओतले, एक कप ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, "घ्या हो बाई. साखर कमी पडली तर सांगा." आत्तींना बरं वाटलं. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तर हेही हसले. "चला, आईला मैत्रीण मिळाली. तू तरी कुठं दिवसभर बोलतीस तिच्याशी?"

याला आता पंधरा वर्षं झाली. आम्ही इचलकरंजीतच, याच घरात होतो. आत्तींचं विसरणं सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. आधी चष्मा, मग देवाला जाऊन परत यायची वाट, मग नातवाचं नाव. मधेच एखादा दिवस असा यायचा की सगळं लख्ख आठवायचं आणि आम्ही आपले आशेला लागायचो. हात मात्र काही विसरले नव्हते. परातीत पीठ दिलं की भाकरी अशी गोल थापायच्या की बघत राहावं. भाजायची तेवढी मी भाजत होते, कारण त्या तवा चुलीवर ठेवून निघून जायच्या.

आणि ओटा म्हणजे माझी हौस. आमचा आधीचा ओटा कडप्प्याचा होता, लग्न होऊन आले तेव्हापासूनचा. किती घासला तरी त्याचं तोंड आपलं मळकंच. नव्या घरांतून चकचकीत ओटे बघून बघून माझ्या पोटात दुखायचं. बारा वर्षं ह्यांच्या मागं लागले, तेव्हा कुठं त्या पौषात दस्तगीर मिस्त्री घरात आले. दगड मी स्वतः निवडला. जेट ब्लॅक म्हणतात त्याला, एक पांढरा ठिपका नाही की रेघ नाही. बसवून झाल्यावर मिस्त्रींनी त्यावर ओलं फडकं फिरवलं, मग कोरडं फिरवलं आणि मला हाक मारली.

"वैनी, या बघा. आता आरशाची गरज न्हाई. सकाळी उठायचं, हितंच बघून कुंकू लावायचं."

मी पदर सावरून खरंच त्यात बघितलं. आत्ती माझ्यामागं उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं असणार. पण त्या ऐकतात हे आम्ही तोवर धरायचं सोडून दिलं होतं.

संक्रांतीच्या आधी ओटा व्हावा हा माझा हट्ट होता. एरवी दहा-बारा बायकांना बोलवायचे, त्या वर्षी हळदीकुंकवाला अख्खी गल्ली बोलावली. तीस तरी बायका आल्या असतील. वाण द्यायला स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. वाटी हातात घेतली की जी ती उठून आत यायची आणि ओटा बघून जायची. "अगं बाई, तोंड दिसतंय की!" असं प्रत्येकीनं म्हटलं आणि प्रत्येकीच्या वेळी माझं वजन पावशेरानं वाढलं.

बायका यायच्या आधी मी आत्तींना म्हटलं होतं, "आत्ती, तुम्ही आत बसा हं. बाहेर गर्दी होईल." दरवर्षी म्हणायची तसंच म्हटलं. मामंजींना जाऊन अकरा वर्षं झाली होती, म्हणजे असं सांगायची ती अकरावी संक्रांत. आधी आधी माझं म्हणून होईपर्यंत त्या उठलेल्याच असायच्या. हल्ली पुन्हा पुन्हा सांगावं लागायचं.

तर असं सगळं साजरं झालं, आणि चार दिवसांनी त्या बाईच्या चहाचं प्रकरण सुरू झालं.

नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात. आमची मजा तितकीही टिकली नाही. आत्ती जेवेनाशा झाल्या. ताट वाढलं की ताट घेऊन उठायच्या आणि ओट्याकडं जायच्या. भाकरीचा तुकडा मोडून, त्याला आमटी लावून दगडावर ठेवायच्या.

"खा की गं. लाजतीस का? घर तुजंच हाय."

"आत्ती, तुम्ही खा ना आधी."

"सवाष्ण बाई उपाशी बसलीया दारात आणि मी खाऊ? आमच्याकडं अशी रीत न्हाई."

मी दगडावरचे तुकडे गोळा करायची आणि सांगायची, "जेवली ती, आता तुम्ही जेवा." कधी पटायचं, कधी पटायचं नाही. पंधरा दिवसांत त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. काचेच्या नव्हेत, साध्या दोन पाटल्या होत्या त्या.

आणखी एक व्हायचं. रोज सकाळी मी ओट्यापाशी जायची तेव्हा सिंकच्या अलीकडं दगडावर कुंकवाचा लाल डाग असायचा. कधी एकच टिकली, कधी फिसकटलेला. मला वाटायचं, नवा ओटा झालाय म्हणून आत्ती पूजा करत असतील. चुलीला हळदकुंकू वाहिल्याशिवाय पेटवायची नाही ही त्यांचीच शिकवण. ओल्या फडक्यानं पुसून टाकायची. दोनदा चिडलेसुद्धा. म्हटलं, "आत्ती, एकदा पूजा झाली की झाली. रोज काय? दगडाला डाग पडेल." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा टिकली होतीच.

माघ संपत आला होता. सकाळी साडेदहाची वेळ. मी मागं कपडे वाळत घालत होते. आतून काही ओरडणं आलं नाही, पण कापड जळाल्याचा वास आला. धावत गेले. शेगडीवर दूध ठेवलं होतं, आणि आत्ती पेटत्या शेगडीवरून पलीकडं हात घालून ओट्यावर आडव्या वाकल्या होत्या. पदराचं टोक पेटलं होतं. त्यांना पत्ताच नव्हता.

"ऊठ गं, हात दे, हितं चटका बसंल तुला," असं त्या दगडाला सांगत होत्या.

पिंपातलं पाणी तांब्यानं उपसून मी त्यांच्या अंगावर ओतलं. पदर विझला. दंडावर तळहाताएवढं भाजलं होतं. मी त्यांना छातीशी धरून खाली फरशीवर बसले आणि दोघी भिजलेल्या, मी रडतेय आणि त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणतायत, "तिला न्हाई ना लागलं?"

ह्यांनी सुट्टी काढली. कोल्हापूरला डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर भले होते, शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "त्यांना स्वतःचंच प्रतिबिंब परकं वाटतंय. होतं असं या आजारात. काचा, आरसे, चकचकीत वस्तू झाकून टाका. बाई दिसायची बंद होईल, मग त्या जेवतीलही."

घरात पाय ठेवल्यावर हे म्हणाले, "हेमा, ओटा झाकायचा."

मी कुरकुर केली नाही. केली असती, पण दंडावरची पट्टी समोर होती. जुनी पांढरी चादर काढली, चौपदरी केली आणि ओट्यावर अंथरली. कडा दगडाखाली खोचल्या.

आत्ती आत आल्या, चादरीकडं बघितलं आणि जागच्या जागी थिजल्या. मग असा टाहो फोडला की शेजारच्या बायका दारात आल्या.

"गेली? कवा गेली? मला सांगितलं न्हाई कुणी!"

"आत्ती, कुणी गेलं नाही हो."

"मग तोंडावर पांढरं का घातलंस? जित्या माणसाच्या तोंडावर घालत्यात व्हय गं?"

त्यांनी चादर ओढून काढली. खाली वाकल्या. तोंड दिसलं. तेव्हा कुठं श्वास घेतला आणि दगडावरून हात फिरवत राहिल्या. रंगीत ऑईलक्लॉथ घालून बघितलं, तेही काढलं. वर्तमानपत्र घातलं, ते फाडलं. चिकटपट्टीनं चिकटवलं, तर नखांनी खरवडत बसल्या, बोटांतून रक्त आलं.

हे म्हणाले, "दस्तगीरला बोलव."

मिस्त्रींनी सगळं ऐकलं. ओट्यावर हात फिरवला.

"चमक घालवायची म्हंता?"

"घालवता येते का?" ह्यांनी विचारलं.

"घालवायला काय. जाडा पॅड लावला मशीनला की तासाभरात जाईल. पण मुरलीदादा, चांगल्या दगडाचं त्वांड खरवडायचं म्हंजे..." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "वैनी, तुमी काय म्हंता? मागनं मला बोल लावू नका."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते आत्तींसाठी होतं असं मला म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. ते दगडासाठी होतं. बारा वर्षं वाट बघून दीड महिना मिळालेल्या ओट्यासाठी.

"करा," मी म्हटलं.

त्या दिवशी हे आत्तींजवळ बाहेर बसले. आत मशीन सुरू झालं. मिस्त्री एका हातानं पाणी सोडत होते, दुसऱ्या हातानं मशीन फिरवत होते. काळं पाणी ओट्यावरून खाली ओघळत होतं, मी पोत्यानं टिपत होते. आवाज असा की दात शिवशिवावेत. मध्ये मशीन थांबलं की बाहेरचं बोलणं ऐकू यायचं.

"मुरली, ती उठली का रं तितनं? तिच्या अंगावर पाणी उडंल."

"उठली, आई. घरी गेली."

"जेवून गेली का?"

हे "जेवली," म्हणाले.

"वटी भरली का हेमीनं?"

"भरली गं आई."

आत मशीन पुन्हा सुरू झालं.

दोन तासांनी ओटा धुतला. वाळल्यावर बघितलं तर राखाडी-काळा, मंद, तोंड ना नाक. कडप्पाच म्हणा ना. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मिस्त्री म्हणाले, "तेल लावत चला अधनंमधनं, काळा दिसंल." मी त्यांना चहा दिला. कप ओट्यावर ठेवला तर कपाची सावलीसुद्धा उमटली नाही.

आत्तींनी त्या संध्याकाळी काही विचारलं नाही. अर्धी भाकरी खाल्ली. मी आणि ह्यांनी एकमेकांकडं बघितलं. रोग बरा झाला असंच आम्हाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवाला फुलं काढून आत आले. आत्तींची आंघोळ झाली होती. पांढऱ्या काठांचं लुगडं नेसून त्या सिंकच्या अलीकडं उभ्या होत्या. डाव्या हातात देव्हाऱ्यातला माझा कुंकवाचा करंडा होता, झाकण उघडं. उजव्या हाताचं मधलं बोट कुंकवात बुडवलेलं. ते बोट दगडाच्या वर हवेत फिरत होतं. थोडं इकडं, थोडं तिकडं. कुठं टेकवावं ते त्यांना कळत नव्हतं.

"आत्ती, काय करताय?"

"कपाळ कुटं गेलं गं तिचं?"

मी दारातच उभी राहिले.

"ही काय हुती की काल. मी रोज लावती. आज घावंना झालीया."

"रोज लावता? तिला?"

"मग? तू न्हाई लावलंस." त्या माझ्याकडं वळल्या. रागावलेल्या नव्हत्या, समजावून सांगावं तसं सांगत होत्या. "त्या दिशी एवढ्या बायका आल्या. समद्यांला लावलंस. वाट्या दिल्यास. आणि ही आत बसलेली, हिच्याकडं कुणी बघितलं न्हाई. एकेक बाय आत यायची, दगुड बघून जायची. ही आपली कपाळ घिऊन तशीच बसली. मी म्हटलं, असू दे बाई, हेमीच्या ध्यानात न्हाई आलं, मी लावती. मला काय, माज्या हातचं चालतंय का न्हाई, पर ती काय बोलली न्हाई. गप लावून घेतलं."

बोटावरचं कुंकू झडून दगडावर पडत होतं.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. दीड महिना मी रोज सकाळी ओलं फडकं घेऊन काय पुसत होते ते मला त्या क्षणी कळलं. दगडाला डाग पडेल म्हणून मी त्यांच्यावर चिडले होते. आणि त्याआधीच्या दहा संक्रांती, बाहेर हसणं-खिदळणं चाललेलं, आणि आत अंधाऱ्या स्वयंपाकघरात मळक्या कडप्प्यापुढं एकटी बसलेली बाई. तेव्हा दगडात कुणी दिसत नव्हतं, म्हणजे तिला तेवढीही सोबत नव्हती. मी चकचकीत दगड आणला आणि तिला सोबत मिळाली. मग ती सोबतही मीच काढून घेतली.

दुपारीच दस्तगीर मिस्त्रींच्या घरी गेले. ते जेवत होते. हात न धुता तसेच बाहेर आले.

"मिस्त्री, चमक परत आणता येईल का?"

त्यांनी कपाळाला हात लावला. "वैनी, मी म्हटलं हुतं का न्हाई?"

"बोल लावायला नाही आले. मला आत्तींसाठी पाहिजे."

ते त्याच दिवशी मशीन घेऊन आले. सिंकच्या अलीकडं हातभर जागा घेतली. आधी जाडा पॅड, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग पावडर लावून फेल्टची मऊ चकती. दोन तास झाले. घाम पुसत उठले. दगड थोडा उजळला होता. मी वाकले. आत काहीतरी गोल, धुरकट हाललं.

"सावली दिसंल, वैनी. त्वांड न्हाई दिसायचं. कारखान्यातलं पॉलिश हाय त्ये, मोठ्या मशीनवरचं. एकदा उतारलं की हातानं चढत न्हाई."

आत्तींना बोलावलं. त्या वाकल्या, डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"ही ती न्हवं," म्हणाल्या. "हिला डोळंच न्हाईत."

मग मी तेल लावायला सुरुवात केली. खोबरेल. सकाळ-संध्याकाळ, कपड्यानं रगडून, खांदे दुखेपर्यंत. दगड काळा व्हायचा, थोडा चमकल्यासारखा वाटायचा आणि वाळला की पुन्हा तसाच. ह्यांनी एकदा माझा हात धरला. "बस कर. तूही तिच्यासारखी करायला लागलीस." मी हात सोडवून घेतला आणि रगडत राहिले. दुसरं काय करणार होते?

आत्तींचं जेवण पुन्हा सुटलं. आता दगडावर तुकडे ठेवत नव्हत्या. नुसत्या उभ्या राहायच्या, येणाऱ्याची वाट बघितल्यासारख्या. कधी खिडकीतून बाहेर बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, "रागावली असंल. मी घरी पाटीवलं न्हाई तिला, तुमीच पाटीवलं, पर बोल मलाच लागंल."

शेवटी मला सुचलं, आरसा. एवढं साधं आधी का सुचलं नाही म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या. डॉक्टरांनी सांगितल्यावर न्हाणीतला आरसा उतरवून माळ्यावर टाकला होता, तो काढला. स्वच्छ पुसला आणि ओट्यावर आडवा ठेवला, बरोबर सिंकच्या अलीकडं. हे ड्युटीवर होते. दुपारचे तीन वाजले असतील. करंडा हातात घेतला, झाकण काढलं आणि हाक मारली.

"आत्ती, या लवकर. आली ती."

आत्ती भिंतीला धरत आल्या. तोंडावर एवढा आनंद, की मला वाटलं, जमलं. वाकल्या. आरशात बघितलं. आनंद हळूहळू उतरला. बराच वेळ बघत राहिल्या, मग स्वतःच्या गालाला हात लावला.

"ही मी हाय."

"नाही हो आत्ती, नीट बघा. तीच आहे. कुंकू लावा तिला. हे घ्या." मी करंडा पुढं केला.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. दोन वर्षांत इतक्या स्वच्छ नजरेनं त्यांनी माझ्याकडं बघितलं नव्हतं.

"मला भुलवतीस व्हय गं, हेमे? ही मी. मला काय कळंना झालंय व्हय?" आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "मला न्हाई चालत."

बोट कुंकवात गेलं होतं सवयीनं. ते त्यांनी पदराला पुसलं.

आम्ही दोघी समोरासमोर उभ्या होतो. करंडा माझ्या हातात उघडा होता. त्यांचं कपाळ माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. घरात कुणी नव्हतं, खिडकीतून कुणी बघत नव्हतं. लोक काय म्हणतील हा प्रश्नच नव्हता. एक बोट उचलायचं होतं.

माझा हात उठला नाही.

का उठला नाही ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. रीत, शास्त्र असलं काही माझ्या मनात नव्हतं. माझ्या मनात फक्त एवढंच आलं, की हा माझा करंडा आहे, यातलं कुंकू मी रोज लावते. यातलं विधवेच्या कपाळाला लावलं आणि उद्या ह्यांना काही झालं तर? एवढीच क्षुद्र भीती. पेटत्या पदरावर पाणी ओतताना जी मी घाबरले नाही, ती चिमूटभर कुंकवाला घाबरले.

आत्तींनी करंड्याचं झाकण उचललं आणि माझ्या हातातल्या करंड्याला नीट बसवून दिलं. त्यांच्या हातांना ते बरोबर आठवत होतं.

"ठिव जा देवापाशी," म्हणाल्या. "आणि एक ध्यानात ठिव. ती आता येत न्हाई असं दिसतंय. पुढल्या संक्रांतीला बोलीव तिला."

"बोलवीन, आत्ती."

"आणि बाहीर बसीव. आत नगं बसवूस."

"बसवीन."

"तुजी शपथ?"

"माझी शपथ."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीला धरत बाहेर गेल्या. पुन्हा त्यांनी त्या बाईचं नाव काढलं नाही. श्रावणात गेल्या. शेवटी शेवटी मला ओळखत नव्हत्या. त्यांना न्हाऊ घालून खाली ठेवलं तेव्हा चार म्हाताऱ्या बायकांनी काय करायचं, काय नाही ते सगळं ठरवलं. मी कोपऱ्यात उभी होते. कपाळ तसंच गेलं.

त्याच्या पुढच्या संक्रांतीला घरात दुखवट्याचं वर्ष म्हणून मी काही केलं नाही. नंतर केलं. बायका येत राहिल्या. ओटा बघायला कुणी आत आलं नाही.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. झोपेतच, काही हालचाल नाही की त्रास नाही. माझ्या करंड्यातलं कुंकू मी जपून जपून वापरलं होतं, त्याचा काही उपयोग झाला नाही.

आता संक्रांतीचं हळदीकुंकू सून करते. चांगली मुलगी आहे. बायका यायच्या वेळेला हात धरून म्हणते, "आई, बसा ना बाहेर. आता कोण मानतं असलं? मी लावते तुम्हाला, बघू कोण काय बोलतंय." आणि मी, जिला सगळं कळलंय, जिनं शपथ घेतली होती, ती म्हणते, "नको गं. गर्दी होईल. मी आत आहे." पाय आपोआप आत वळतात. कोण वळवतं मला ठाऊक नाही.

बाहेर हसणं चाललेलं असतं. वाट्यांचे आवाज येतात. मी खोबरेलाची बाटली काढते आणि ओटा रगडत बसते. मग सिंकच्या अलीकडं, खिडकीच्या उजेडात, कमरेत वाकून बघते. दगड काळा आहे, स्वच्छ आहे. त्यात कुणी नाही.